भिंगरीच्या शेपटीचा प्राणी

(टेबलावर प्लास्टिकची खेळणी. कॅमेरा अगदी जवळ.)

हा बघा. शेपटीच्या टोकाला चक्क भिंगरी! डायनासोर नाही, कासव नाही, किडाही नाही. हाँगकाँगमध्ये साच्यातून निघालेली ही खेळणी. अमेरिकेतल्या स्वस्त दुकानांत ती पुडक्यातून विकली जायची आणि पुडक्यावर छापलेलं असायचं: 'प्रागैतिहासिक प्राणी'. असला प्राणी कुठल्याही काळात जन्मला नव्हता. पण साचा घडवणाऱ्याला ते कोण विचारणार?

विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावच्या गॅरी गायगॅक्स यांनी असं एक पुडकं विकत घेतलं. टेबलावरच्या लढाईत उतरवायला त्यांना चित्रविचित्र प्राणी हवे होते. १९७४ साली त्यांनी आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. खेळाडूंनी कल्पनेतले योद्धे, जादूगार व्हायचं आणि भुयारात शिरून प्राण्यांशी लढायचं. पुढच्याच वर्षी एका पुरवणी पुस्तिकेत हा भिंगरीवाला दाखल झाला. नाव मिळालं, रस्ट मॉन्स्टर.

तो माणसाच्या जिवावर उठत नाही. लोखंडाला नुसता स्पर्श करतो, लोखंड गंजतं आणि तो गंज खातो. ड्रॅगनला न घाबरणारा खेळाडू याला पाहून पळत सुटतो, कारण रात्र रात्र जागून मिळवलेलं चिलखत क्षणात भुगा होतं.

(दुसरं खेळणं हातात फिरतं.)

हा घुबडाच्या तोंडाचा अस्वल, आऊलबेअर. तोही त्याच पुडक्यातला, त्याच पुस्तिकेतला. १९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये, म्हणजे खेळातल्या प्राण्यांच्या पुस्तकात, त्याची कूळकथा आली: कुण्या वेड्या जादूगाराच्या संकराच्या प्रयोगातून तो झाला असावा, बहुधा. या 'बहुधा'वर आमचा फार जीव आहे. आधी खेळणं, मग प्राणी आणि सगळ्यात शेवटी त्याचा जन्म.

आणि हा तिसरा, बुलेट. जमिनीखालून शार्कसारखा येणारा. जून १९७६मध्ये 'द ड्रॅगन' मासिकाच्या पहिल्याच अंकात संपादक टिम कास्क यांनी त्याला जिवंत केलं.

(ग्राफ पेपरवर पेन्सिलीने भुयार काढलं जातंय.)

काही प्राण्यांना खेळणंही लागलं नाही. भुयाराचा नकाशा काढायचा ग्राफ पेपरवर. एक चौकोन म्हणजे दहा फूट. आता हा जेलीचा पारदर्शक ठोकळा, जिलॅटिनस क्यूब. लांबी, रुंदी, उंची, सगळं दहा फूट. बोळात असा फिट्ट बसतो की वाटेतलं सगळं पुसून नेतो. डार्विनला चोची न्याहाळाव्या लागल्या. इथे पेन्सिल आणि पट्टी पुरते.

(जुन्या पुस्तकाचं पान उलटतं. वाघाचं डोकं, हातात तंबाखूचा पाईप.)

याचं नाव वाचा. राक्षस. हो, आपलाच. पण आला तो रामायणातून नव्हे, टीव्हीवरून. १९७४च्या एका अमेरिकी मालिकेच्या भागात राक्षस होता. समोरच्याचा ज्याच्यावर विश्वास, त्याचंच रूप घेऊन येणारा. मंत्रवलेल्या क्रॉसबोच्या बाणाने मरणारा. गायगॅक्स यांनी तो तिथून उचलला, बाणासकट. रूप पालटणं मारीचाला ओळखीचं वाटलं असतं. पाईप मात्र नाही. आणि हिडिंबेला मुलगा होता, संसार होता, हे त्या पानापर्यंत पोचलंच नाही.

पुढे बरंच झालं. खेळात 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'कार टॉल्किनचे बुटके हॉबिटही होते. टॉल्किनच्या हक्कदारांनी आक्षेप घेतला आणि हॉबिटचे हाफलिंग झाले. २०२४च्या नियमपुस्तकाने पात्रांच्या प्रकारांसाठीचा 'रेस' (वंश) हा शब्द टाकून 'स्पीशीज' (प्रजाती) घेतला. व्हिडिओ गेममध्ये आऊलबेअरचं पिल्लू आलं आणि लोकांनी त्याला जीव लावला.

गायगॅक्स, आर्नेसन, कास्क. पुस्तकांवर नावं आहेत. हा साचा ज्याने कोरला, ज्याला शेपटीला भिंगरी लावावीशी वाटली, त्याचं नाव पुडक्यावर कुठेच नव्हतं.

(खेळणं उलटं करतो. पोटावर बारीक अक्षरं: हाँगकाँग.)