पोळेच्या दरवाजाआड : अहमदाबादेतील एक सकाळ

सकाळचे आठ वाजले आहेत. अहमदाबादच्या कालुपूर भागातील स्वामिनारायण मंदिराच्या अंगणात दहा-पंधरा प्रवासी जमले आहेत. १८२२ साली उभारलेले हे संप्रदायाचे पहिले मंदिर. महानगरपालिकेने १९९७ पासून चालविलेली वारसा पदभ्रमंती येथूनच निघते आणि सुमारे अडीच तासांनी जामा मशिदीत पोहोचते.

थोडे चालल्यावर गुजराती कवी दलपतराम भेटतात. त्यांचा पुतळा उंच चौथऱ्यावर नाही. जिथे त्यांचे घर होते तिथेच, ओट्यावर, तो बसलेला आहे. येणाऱ्याजाणाऱ्याने शेजारी बसावे इतका तो जवळचा वाटतो.

येथून पोळांचे जग सुरू होते. पोळ म्हणजे एका दरवाजाआड वसलेली, जात, धंदा किंवा धर्म यांनी बांधलेली वस्ती. गल्ली इतकी अरुंद की समोरासमोरच्या सज्जांतून बोलणे सहज व्हावे, आणि भर उन्हाळ्यातही खाली सावली राहावी. चौकात पक्ष्यांना दाणे घालण्यासाठी कोरीव चबुतरा उभा असतो. जुन्या हवेल्यांच्या अंगणाखाली टाके असते. छपरावर पडलेले पावसाचे पाणी नळाने त्यात उतरवले जाई आणि बंद, अंधाऱ्या जागेत ते पुढच्या पावसापर्यंत पिण्याजोगे राही. साबरमती इतकी जवळ असूनही घराने स्वतःचे पाणी स्वतः साठवावे, ही दूरदृष्टी आम्हाला या लाकडी नक्षीहूनही मोलाची वाटली.

पण दरवाजा कशासाठी? या प्रश्नापाशी मराठी प्रवाशाने थांबले पाहिजे. १७२५ साली गुजरातेतील बंडखोर मुघल सरदार हमीदखान आणि त्याला मिळालेल्या मराठी फौजा शहर लुटण्याच्या बेतात असताना नगरशेठ, म्हणजे शहरातील व्यापाऱ्यांचे प्रमुख, खुशालचंद यांनी स्वतःच्या तिजोरीतून खंडणी भरून ते वाचवले, आणि कृतज्ञ व्यापाऱ्यांनी शहरात येणाऱ्या मालावर शेकडा चार आणे त्यांच्या घराण्याला कायमचे लावून दिले. आपल्या शाळेतल्या इतिहासात गुजरातेतील स्वाऱ्या पराक्रम म्हणून येतात. पोळेच्या आत उभे राहिल्यावर त्याच स्वाऱ्या दरवाजाला अडसर घालणाऱ्या माणसाच्या नजरेने दिसू लागतात, आणि त्या तशाही पाहिल्या पाहिजेत असे आम्हाला मनापासून वाटते. पुढे १७५८ पासून १८१७ पर्यंत शहराचा कारभार आणि महसूल पेशवे व गायकवाड यांच्यात वाटलेला होता.

गल्ल्यांतून बाहेर पडताच माणेक चौकाची वर्दळ लागते, आणि तिच्यालगत जामा मशिदीचे विस्तीर्ण पटांगण. १४११ साली शहर वसवणाऱ्या अहमदशहाने १४२४ मध्ये ती पूर्ण केली. आत २६० खांब आहेत; त्यांवरील घंटा-साखळीची आणि कमळाची नक्षी स्थानिक मंदिरे घडवणाऱ्या हातांची ओळख सांगते. प्रवेशकमानीच्या दोन्ही बाजूंना मिनारांचे केवळ बुंधे उरले आहेत, कारण १८१९ च्या कच्छच्या भूकंपात मिनार कोसळले. २०१७ साली युनेस्कोने या तटबंद शहराला जागतिक वारसा शहराचा मान दिला.

पदभ्रमंती येथे संपते. गायकवाडांची हवेली मात्र या वाटेवर येत नाही; ती नदीच्या बाजूला, रायखड भागात आहे. आम्ही मशिदीच्या पायरीवर जोडे चढवतो आणि तिकडची वाट विचारून घेतो.