तंबू, हिमनग आणि गेल्या वर्षीचे बटाटे

[दृश्य : पहाट, धुकं. मोठ्या बोटीच्या पोटातून गाड्या एकामागून एक बाहेर पडतायत.]

घड्याळं अर्धा तास पुढे करा, असं बोटीच्या स्पीकरवरून सांगितलं, तेव्हा हा गाडीची चावी शोधत होता आणि मी मनातल्या मनात टाळी वाजवत होते. टोरांटोला राहायला आल्यापासून हर्णैला आईला फोन करायचा म्हणजे आधी साडेनऊ तास मिळवायचे, मग तारीख उलटली का ते बघायचं. न्यूफाउंडलंडचं घड्याळ मात्र आपल्यासारखंच अर्ध्या तासावर अडलेलं आहे. उन्हाळ्यात इथल्या आणि भारताच्या वेळेत बरोब्बर आठ तासांचा फरक. इथे दुपारचे दोन, तिथे रात्रीचे दहा. बोटं मोजायची गरजच नाही.

बेट महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून थोडं मोठं, आणि माणसं जेमतेम पाच लाख. १९४९च्या मार्चअखेरपर्यंत हे कॅनडात नव्हतंच. अजूनही इथले लोक पलीकडच्या किनाऱ्याला 'मेनलँड' म्हणतात, आणि म्हणताना किंचित नाक उडवतात.

नोव्हा स्कॉशिया प्रांतातल्या नॉर्थ सिडनीहून बेटावरच्या पोर्ट ओ बास्कला, सात तासांची बोट. गाडीत एक तंबू, दोन बर्नरची शेगडी, पोहे, मेतकूट, कोकमाचं आगळ आणि याच्या मते तीन, माझ्या मते पाच अनावश्यक पिशव्या.

[दृश्य : मोकळा रस्ता. डावीकडे समुद्र, उजवीकडे सपाट माथ्याचे डोंगर. गवत आडवं झोपलेलं.]

बंदरातून निघालं की थोड्याच अंतरावर रेकहाउस लागतं. या डोंगरांवरून वारा असा घसरत खाली येतो की पूर्वी इथे आगगाडीचे डबे रुळांवरून उलटत. रेल्वेने त्यावर उपाय काढला तो म्हणजे एक माणूस. लॉकी मॅकडुगल नावाचा शेतकरी इथेच राहायचा. वारा कधी उठणार हे त्याला आधी कळायचं. त्याने कळवलं की गाडी थांबवायची, बस्स. तो १९६५ साली गेला. पुढे काही वर्षं ते काम त्याच्या बायकोने केलं.

हे वाचून दाखवलं तेव्हा हा म्हणाला, "म्हणजे तिला आधीपासूनच येत होतं."

येत असणारच. सगळं आयुष्य एकाच वाऱ्यात गेलेलं.

आमची वाऱ्याची परीक्षा दुसऱ्या रात्री झाली. ग्रोस मॉर्न राष्ट्रीय उद्यानातल्या ग्रीन पॉइंटला समुद्राकडे तोंड करून तंबू लावला, फोटोसाठी. कल्पना कोणाची ते सांगत नाही. रात्री दीड वाजता तंबूचा दांडा काटकन मोडला आणि ओलं कापड तोंडावर आलं. पहाटेपर्यंत आम्ही गाडीत बसून राहिलो. सकाळी शेजारच्या तंबूतले एक आजोबा कॉफीचा मग घेऊन आले, मोडका दांडा बघितला आणि न बोलता परत गेले. येताना बोटभर लांबीची धातूची नळी घेऊन आले. मोडलेली दोन टोकं नळीत घातली, वर चिकटपट्टी. मग त्यांनी मागच्या खुरट्या झाडांकडे हात केला. स्प्रूस आणि फरची ही झाडं वाऱ्याने इतकी चेपलेली की माणसाच्या खांद्यालाही लागत नाहीत, आणि आत इतकी गच्च की मांजर शिरणार नाही. त्यांना इथे 'टकामोर' म्हणतात. तंबू त्यांच्या आडोशाला लावायचा असतो. हे आम्हाला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

[दृश्य : ओहोटी. किनाऱ्यावर खडकाचे उभे पातळ थर.]

ओहोटीला खाली उतरलो. चिरोट्याचे पदर उभे करून ठेवावेत तसे हे खडक. जुन्या समुद्रतळाचा गाळ थरावर थर बसून झालेले, आणि नंतर जमिनीच्या रेट्याने उभे राहिलेले. पृथ्वीच्या इतिहासातला कँब्रियन काळ कुठे संपतो आणि ऑर्डोव्हिशियन कुठे सुरू होतो, याची जगभरासाठीची अधिकृत खूण २००० साली इथे ठरली. सुमारे ४८.५ कोटी वर्षांपूर्वीची रेघ. मी एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे ठेवून उभी राहिले. नेमकी रेघ तीच होती का, याची खात्री देत नाही.

त्याच उद्यानात टेबललँड्स आहेत. लांबून बघितलं तर कोकणातला जांभ्याचा सडा वाटावा, तसाच तांबूस आणि तसाच उघडाबोडका. पण प्रकार वेगळा. आपला सह्याद्री म्हणजे पृथ्वीच्या पोटातून बाहेर ओतलेल्या लाव्हाचे थर. इथे कवचाखालचं पोटच वर आलंय. प्रावरणातला हा खडक खंडांच्या टकरीत वर ढकलला गेला. त्यातलं लोह गंजून रंग आला. झाडांना हवं ते त्यात फारसं नाही, नको ते भरपूर, म्हणून डोंगर बोडका. जगते ती घटपर्णी. मातीत मिळत नाही ते ती किड्यांकडून घेते. किड्यांची इथे ददात नाही, आमचे कान आणि मान साक्षीला आहेत.

[दृश्य : उत्तरेकडे जाणारा रस्ता. रस्त्याच्या कडेला काटक्यांचं कुंपण, आत वाफे. आसपास एकही घर नाही.]

उत्तरेच्या लांबट द्वीपकल्पावर ४३० क्रमांकाचा रस्ता जातो. त्याच्या कडेला मैलोन्मैल एकही घर नसताना मधेच बटाट्याचे वाफे दिसतात. आधी वाटलं, कोणी विसरून गेलंय. पेट्रोल भरताना विचारलं. रस्ता बांधताना जी माती उकरून कडेला टाकली गेली, ती गावातल्या खडकाळ जमिनीपेक्षा बरी, म्हणून लोक तिथे लावतात. कोणाचा वाफा कुठला हे ज्याला त्याला ठाऊक. हिवाळ्याच्या लाकडांच्या मोळ्याही अशाच रस्त्याकडेला रचलेल्या. कुलूप नाही, राखण नाही.

पेट्रोलचे पैसे घेणाऱ्या बाईंनी सुटे परत देताना याला "देअर यू गो, माय लव्ह" म्हटलं. हा लाजला. माझी वेळ आल्यावर मला "माय डकी". आपल्याकडे परकी आजी 'बाळा' म्हणते, तितकंच साधं. हा मात्र पुढचे दोन दिवस ते जपून होता.

अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं, हा नियम आम्ही कसोशीने पाळला. कारण मूस, हरणाच्या कुळातला प्रचंड प्राणी. घोड्याहून उंच, अंगाने काळपट, त्यामुळे रात्री रस्त्यावर उभा असला तरी दिसत नाही. हा प्राणी मुळातला इथला नाही. १९०४ साली न्यू ब्रन्सविकहून चार आणून सोडले. आज एक लाखाच्या वर आहेत.

[दृश्य : गवताने झाकलेले उंचवटे. मागे राखाडी उपसागर.]

द्वीपकल्पाच्या टोकाला लांस ओ मेडोज. १९६० साली नॉर्वेचे हेल्गे इंगस्टाड इथे नॉर्स, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या जुन्या वस्तीच्या खुणा शोधत आले. जॉर्ज डेकर नावाच्या गावकऱ्याने त्यांना हे उंचवटे दाखवले. पुढचं काम, १९६१पासून १९६८पर्यंतचं, त्यांच्या पत्नी ॲन स्टीन यांचं. त्या पुरातत्त्वज्ञ, उत्खनन त्यांच्या देखरेखीखाली झालं. फलक वाचत वाचत आम्ही दोघं एकाच वाक्याशी थांबलो. शोध लावला त्याचं नाव चटकन तोंडी बसतं. सात-आठ उन्हाळे त्या वाऱ्यात गुडघ्यांवर बसून माती खरवडायची, ते दुसऱ्या नावाशी जोडलेलं असतं.

सापडलं काय? खिळे, लोखंड गाळल्याची मळी, काशाची एक टाचणी. आणि दगडाची एक चकती, सूत कातायच्या चातीला लावतात तशी. सूत कातलं जात होतं, म्हणजे बहुधा बायकाही आल्या होत्या. २०२१ साली इथल्या लाकडांवरून वर्षही पक्कं झालं. ९९३ साली झालेल्या सौरवादळाची खूण झाडाच्या एका कड्यात सापडली, तिथून सालीपर्यंत कडी मोजली. झाड तोडलं १०२१ साली. कोलंबसाच्या पावणेपाचशे वर्षं आधी.

[दृश्य : ट्विलिंगेट. निळसर पांढरा हिमनग, खाडीच्या तोंडाशी अडकलेला.]

हिमनगांवर सगळेच बोलतात, मी थोडंच बोलते. ग्रीनलंडच्या हिमनद्यांतून तुटून हे लाब्राडोरच्या थंड प्रवाहाबरोबर दोन-तीन वर्षं खाली वाहत येतात. आम्हाला मोठा एकच भेटला. पण त्याच्या चुऱ्यातला नारळाएवढा तुकडा किनाऱ्याला लागला होता. तो फोडून कोकम सरबतात टाकला. पेला कानाशी धरा : चट चट, तडतड. हजारो वर्षं दाबून ठेवलेली हवा बुडबुड्या-बुडबुड्यांनी सुटते आहे. आईला फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, "फोडणी घातल्येस काय गो?"

[दृश्य : एलिस्टन. टेकडीच्या पोटात दगडी चौकटीचा बुटका दरवाजा. पलीकडच्या कड्यावर पफिन पक्षी.]

बोनाव्हिस्टा द्वीपकल्पावर एलिस्टन नावाचं गाव आहे. लोक येतात पफिन बघायला. चोच नारिंगी, चाल एखाद्या लठ्ठ कारकुनाची. आम्ही मात्र अडकलो टेकडीतल्या दरवाजांपाशी. जमिनीत खोदलेली ही तळघरं, वरून दगड आणि गवताची ढेकळं. हिवाळ्यात आत गोठत नाही, उन्हाळ्यात तापत नाही. गावात अशी शंभराहून जास्त आहेत.

एका दरवाजातून एक आजी बाहेर येत होत्या. आत या म्हणाल्या. वाकून शिरलो. ओल्या मातीचा वास, अंधार, आणि लाकडी कप्प्यात गेल्या शरदातले बटाटे. जूनचा शेवटचा आठवडा होता. हातात घेऊन दाबला, टणक. त्यांनी आठ बटाटे माझ्या ओढणीत घातले. पैशांचा विषय काढला तर रागावल्याच.

मग पायरीवर बसून बोलणं झालं. त्यांचं घर कॉड माशावर चाललेलं. १९६८ साली या समुद्रातून आठ लाख टनांहून जास्त कॉड काढला गेला, बहुतेक परदेशी ट्रॉलरांनी. १९७७ साली कॅनडाने दोनशे सागरी मैलांची हद्द आखली आणि बाहेरच्यांना हटवलं. मग आपलेच ट्रॉलर वाढवले. समुद्रात मासा किती उरलाय याचे सरकारी अंदाज फुगलेले होते. किनाऱ्याजवळ छोट्या होडीतून मासे धरणारे ओरडत होते की मासा लहान येतोय, कमी येतोय. २ जुलै १९९२ला मंत्री जॉन क्रॉस्बी यांनी कॉडची मासेमारी बंद केली. सुमारे तीस हजार माणसांचं काम गेलं. बंदी दोन वर्षांची म्हणून सांगितली होती. उठायला २०२४ उजाडलं, तीही अठरा हजार टनांच्या मर्यादेवर.

हर्णैला आम्हाला बंदी माहीत आहे ती एक जून ते एकतीस जुलै. होड्या वर ओढायच्या, जाळी विणायची, नारळी पौर्णिमेची वाट बघायची. त्या दोन महिन्यांत घरात काय वातावरण असतं ते मी बघितलंय. बत्तीस वर्षं म्हणजे काय, हे आजींना विचारायचं होतं. त्याआधीच त्यांनी सांगितलं की त्यांची दोन्ही मुलं पश्चिमेला अल्बर्टात असतात.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर केपलिन आले. छोटे, चांदीसारखे मासे, अंडी घालायला लाटेबरोबर थेट वाळूवर. सगळं गाव बादल्या आणि जाळी घेऊन धावलं. याने चप्पल काढून मोठ्या भांड्याने उपसले. पिठात घोळवून तळले. मांदेलीची सर नाही, पण माणूस घरापासून इतका लांब असताना फार चिकित्सा करत नाही.

[दृश्य : वेगाने सरकणारी गावं, दीपगृह, बंदर.]

पुढचे दिवस भराभर गेले. हार्ट्स कंटेंट या गावात १८६६ साली 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने अटलांटिकखालून आणलेली तारायंत्राची तार किनाऱ्याला लागली. चार वर्षांनी त्याच जहाजाने मुंबई ते एडन तार टाकली. सेंट जॉन्सच्या सिग्नल हिलवर १९०१ साली मार्कोनीने पतंगाला तार बांधून समुद्रापलीकडून आलेला बिनतारी संदेश ऐकला, मोर्स लिपीतले तीन ठिपके. केप स्पिअर हे, ग्रीनलंड सोडलं तर, उत्तर अमेरिकेचं पूर्व टोक. तिथे धुक्यात आम्हाला काहीही दिसलं नाही, आणि ते फार छान होतं.

[दृश्य : शेवटचा मुक्काम. शेगडी, लोखंडी तवा.]

परतीच्या बोटीचे नियम वाचताना कळलं : इथल्या मातीत बटाट्याचे रोग आहेत, म्हणून बेटाबाहेर माती न्यायची नाही आणि बटाटाही न्यायचा नाही. आजींचे आठही बटाटे जपून ठेवले होते, घरी नेऊन लावायला म्हणून. रात्री अकरा वाजता हेडलाइटच्या उजेडात त्यांच्या काचऱ्या केल्या. मोहरी, हिंग, तिखट. सालं सोललीच नाहीत.

सकाळी बंदरावर तपासणीच्या अधिकाऱ्याने विचारलं, "बटाटे आहेत?"

याने पोटावर हात ठेवला.

अधिकारी हसला नाही. गाडी धुवायच्या रांगेत लावली आणि तंबूच्या खुंट्या बाहेर काढायला सांगितल्या. एकेक खुंटी फवाऱ्याखाली धरली. ग्रीन पॉइंटची काळी माती, ट्विलिंगेटची भुरी, एलिस्टनची तांबूस, सगळी त्या सिमेंटवरून वाहत गटारात गेली. हा खुंट्या मोजत होता. एक कमी भरली.