आधी माप, मग पार्ट

नमस्कार मंडळी, आज बोलायचंय इंजिनाबद्दल, म्हणजे घरच्या घरी कारचं इंजिन उघडून पुन्हा बांधायचं ज्यांच्या डोक्यात घोळतंय त्यांच्याशी. इंजिन खोलायचं कसं ते आज नाही सांगणार, ते हातानेच शिकावं लागतं, आज फक्त पार्ट्स कुठले आणि कधी घ्यायचे एवढंच. त्यातला "कधी" जास्त महत्त्वाचा, आणि तो मी स्वतः चुकून शिकलोय.

माझं पहिलं इंजिन. हेड, म्हणजे सिलिंडरच्या वरचं झाकण, अजून उतरवलंही नव्हतं आणि मी पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट असा अख्खा सेट मागवून मोकळा. सगळं स्टँडर्ड साइजचं, म्हणजे कंपनीच्या मूळ मापाचं. खोके आले, मी खूश, घरातले सगळे वैतागलेले. मग इंजिन उघडलं, बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजला, तर वरच्या बाजूला एवढा झिजलेला की स्टँडर्ड पिस्टन आत नुसता खुळखुळला असता. पिस्टन गेले परत, रिंगांचं पाकीट मी फोडलेलं होतं त्यामुळे त्या कोणी घेईना. त्या अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत.

तर बोअर मोजायचा कसा, तर एकदा मोजून भागत नाही. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही ना. वर, जिथे टॉप रिंग येऊन थांबते तिथे दाब सगळ्यात जास्त आणि ऑइल सगळ्यात कमी, म्हणून तिथे झीज जास्त. शिवाय क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या खालच्या दांड्याच्या, लांबीला आडव्या दिशेने पिस्टन भिंतीवर रेटला जातो, म्हणून गोल बोअर हळूहळू अंडाकृती होतो. म्हणून वर, मधे, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, म्हणजे एका सिलिंडरची सहा मापं, चार सिलिंडरची 24. वहीत लिहून काढा, लक्षात राहतील असं म्हणू नका, नाही राहत. बोअर गेज आणि मायक्रोमीटर नसेल तर ब्लॉक उचलून मशीन शॉपमध्ये न्या, ते मोजून देतात. साध्या व्हर्नियरवर हे काम होत नाही हो, इथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा मामला आहे.

ती मापं सर्व्हिस मॅन्युअलमधल्या लिमिटशी ताडून बघा. लिमिटमध्ये असेल तर होनिंग करून, म्हणजे भिंत घासून तिच्यावर बारीक रेघा पाडून, नवीन रिंगा, काम झालं. बाहेर गेलं असेल तर रीबोअर, म्हणजे मशीनवर बोअर कापून मोठा करणं, आणि ओव्हरसाइज पिस्टन, बऱ्याच इंजिनांना 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर मोठे मिळतात, काहींना 1 मिलिमीटरपर्यंत. पण आधी बाजारात नक्की कुठला साइज मिळतोय ते बघा, पिस्टन हातात येऊ द्या, आणि मगच बोअर मारायला सांगा. कारण मशीनवाला ते पिस्टन मोजून, त्यांना किती क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि भिंतीतली फट, लागतो ते धरून बोअर करतो. आधी 0.50 मारून घेतला आणि 0.50 चा पिस्टनच मिळत नाही, असं झालं तर मग बसा ब्लॉककडे बघत. आणि ओव्हरसाइजने पॉवर वाढते म्हणणारे भेटतील, त्यांना हिशोब सांगा, 80 मिलिमीटरचा बोअर साडेऐंशी झाला तर 1600 सीसीच्या इंजिनात फक्त 20 सीसी वाढतात. जाणवत पण नाही.

पिस्टन कास्ट (ओतलेला) घ्यायचा की फोर्ज्ड (दाबून घडवलेला)? रोजच्या गाडीला कास्ट, बास. फोर्ज्ड मजबूत असतो पण गरम झाल्यावर जास्त फुगतो, म्हणून क्लिअरन्स जास्त ठेवावा लागतो आणि थंड इंजिन टकटक करतं. टर्बो किंवा रेसिंगचा विचार असेल तर गोष्ट वेगळी. आलेले चारही पिस्टन घरच्या वजनकाट्यावर ठेवून बघा, ग्रॅम दोन ग्रॅमच्या आत असले तर ठीक, फार फरक निघाला तर सेट परत.

रिंगांचं म्हणाल तर कास्ट आयर्नची रिंग लवकर बसते, क्रोमची जास्त टिकते पण बसायला वेळ घेते, मॉलीची, म्हणजे मॉलिब्डेनमचा थर दिलेली, या दोन्हींच्या मधली. कुठली घेताय ते होनिंग करणाऱ्याला सांगा, कारण भिंतीवरच्या रेघा रिंगप्रमाणे बारीक किंवा जाड ठेवतात. आणि नवीन रिंग आहे म्हणून तशीच पिस्टनवर चढवू नका, ती आधी बोअरमध्ये सरळ बसवून तोंडातली फट फीलर गेजने, म्हणजे ठरलेल्या जाडीच्या पातळ पात्यांनी, बघा. साध्या पेट्रोल इंजिनाला टॉप रिंगची फट अंदाजे बोअरच्या हजारात चार, म्हणजे 80 च्या बोअरला 0.32 मिलिमीटर, तरी मॅन्युअलचा आकडाच शेवटचा. कमी असेल तर रिंग तापल्यावर तिची टोकं एकमेकांना भिडतात आणि मग बोअरला ओरखडे तरी पडतात नाहीतर पिस्टनची किनार तरी तुटते.

क्रँकचंही तसंच. जुनं बेअरिंग उलटं करून पाठ वाचा, बऱ्याचदा साइज कोरलेला असतो, आधीच कोणी क्रँक ग्राइंड केलेला असेल तर तिथे कळतं. म्हणून जुने पार्ट्स भंगारात टाकायची घाई नको. मात्र क्रँकचं आजचं माप मायक्रोमीटरनेच घ्यायचं, पाठीवरचा आकडा झीज सांगत नाही. नवीन बेअरिंग टाकल्यावर प्लास्टिगेजची, म्हणजे दाबल्यावर चपटी होणाऱ्या मऊ प्लास्टिकची, बारीक तार ठेवून बेअरिंगची कॅप टाइट करा, उघडा आणि ती किती चेपली ते मापा. 50 मिलिमीटरच्या जर्नलला, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाला, 0.05 च्या आसपास फट म्हणजे साधारण बरोबर.

हेड गॅस्केटला लोक दुय्यम समजतात, मला तर ते सगळ्यात घातकी वाटतं. स्टीलचे थर असलेलं गॅस्केट चांगलं, पण त्याला हेड आणि ब्लॉक दोन्हीचा पृष्ठभाग एकदम गुळगुळीत लागतो, कुठेतरी सँडपेपर मारून भागवलं की गळतंच. जाडीपण बघा. 80 मिलिमीटर बोअर आणि पिस्टनची धावही 80 अशा सिलिंडरला कॉम्प्रेशन 10 असेल, म्हणजे आतली हवा दहापट दाबली जात असेल, आणि गॅस्केट अर्ध्या मिलिमीटरने पातळ घेतलं तर कॉम्प्रेशन साडेदहावर जातं, त्यात हेडला फेस मारला असेल, म्हणजे मशीनवर घासून सपाट केलं असेल, तर आणखी वर, मग इंजिन नॉक करतं, म्हणजे पेट्रोल भलत्या वेळी पेटून ठोके मारतं, आणि आपण पेट्रोलला शिव्या देत बसतो. हेड बोल्ट अँगलने, म्हणजे ठरलेले अंश फिरवून, ताणून टाइट करायचे असतील तर नवेच, जुने एकदा ताणले गेलेत, पुन्हा तेवढा जोर धरतील याचा भरवसा नाही.

आणि हो, ऑइल पंप. जुन्या बेअरिंगने धातू सोडला असेल तर पंप नवीन, ऑइल कूलर असेल तर तोही, कारण त्याच्या नळ्यांत अडकलेला चुरा धुवून पूर्ण निघत नाही आणि पहिल्याच स्टार्टला सरळ तुमच्या नव्या बेअरिंगमध्ये येतो. टायमिंग किट, वॉल्व्ह सील, कोअर प्लग (ब्लॉकच्या भोकांवरच्या पत्र्याच्या टोप्या), हे कुठल्याही मापाची वाट न बघता घ्या. जास्त लिफ्टची, म्हणजे वॉल्व्ह जास्त उघडणारी, कॅम मात्र जुन्या स्प्रिंगांवर घालू नका, स्प्रिंग पूर्ण दबून गच्च होतात, नाहीतर वॉल्व्ह जाऊन पिस्टनला भेटतो.

ड्रॉवरमधल्या त्या रिंगा कोणाला स्टँडर्ड साइजच्या लागणार असतील तर मी द्यायला तयार आहे, पण बोअर मोजलेली वही आधी दाखवा, त्याशिवाय नाही. चला, येतो.