ताकायामाची दोन व्यापारी घरे

श्रोतेहो, नमस्कार. जपानच्या होन्शू बेटावर, गिफू प्रांताच्या डोंगराळ भागात ताकायामा हे शहर आहे. १६९२ मध्ये ते थेट शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या अमलाखाली आले, कारण भोवतालच्या हिदा प्रदेशातील जंगले आणि खाणी यांवर त्या सत्तेची नजर होती. या प्रदेशातील सुतारांची कीर्ती तर त्याहून कितीतरी जुनी आहे. आठव्या शतकातील कायद्याने हिदातील लोकांना काही कर माफ केले होते आणि त्या बदल्यात राजधानीच्या बांधकामांसाठी सुतार पाठवण्याची अट घातली होती.

सान्माची या भागातील जुन्या दुकानांच्या ओळींना १९७९ मध्ये सरकारी संरक्षण मिळाले. प्रवाशांची मुख्य गर्दी तेथेच असते. मला मात्र आज आपल्याला तेथून थोडे उत्तरेला, शेजारी शेजारी उभ्या असलेल्या कुसाकाबे आणि योशिजिमा या दोन घरांत न्यायचे आहे.

कुसाकाबे हे शोगुनच्या प्रशासनाचे पैशांचे व्यवहार सांभाळणारे आणि सावकारी करणारे घराणे होते. १८७५ च्या आगीत त्यांचे घर जळाले आणि कावाजिरी जिसुके या सुताराने १८७९ मध्ये सध्याचे घर उभे केले. पूर्वी व्यापाऱ्यांना हिनोकीसारखे उंची लाकूड वापरायला मनाई होती. शोगुनशाही १८६८ मध्ये संपल्यावर ती बंधने गेली, म्हणून या घरात हिनोकी सढळ हाताने वापरलेले दिसते. तरीही रस्त्याकडची बाजू जुन्या वळणाचीच, बसक्या छपराची आणि काळपट जाळीची राहिली. बंधन उठल्यावरही श्रीमंतीने रस्त्यावर येण्याचे टाळले, हे मला या घराचे सर्वांत बोलके वैशिष्ट्य वाटते.

आत शिरल्यावर प्रथम मातीच्या जमिनीचा भाग लागतो आणि तेथे मान आपोआप वर जाते, कारण माळा किंवा आढे झाकणारे छत तेथे नाहीच. जाडजूड तुळया एकमेकींवर आडव्या-उभ्या बसवलेल्या थेट छपरापर्यंत दिसतात. पुढे पादत्राणे काढून वर चढायचे, तातामी चटयांच्या किनारीवर पाय द्यायचा नाही आणि खांद्यावरची पिशवी खांबांना लागू द्यायची नाही. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी जाड पायमोजे जरूर घालावेत. लाकडी फरशी गारठलेली असते आणि जमिनीत बसवलेली चौकोनी चूल एवढे मोठे दालन तापवू शकत नाही.

शेजारचे योशिजिमा घराणे साके, म्हणजे तांदळाचे मद्य, बनवणारे. त्यांचे घरही आगीत गेले आणि निशिदा इसाबुरो याने ते १९०७ मध्ये पुन्हा बांधले. साके बनवणाऱ्याची खूण म्हणून सुगी वृक्षाच्या डहाळ्यांचा गोल गोळा दारावर टांगलेला दिसतो. येथील खांब आणि तुळया सडपातळ आहेत, त्यांची जोडणी रेखीव आहे आणि उंचावरच्या खिडक्यांतून उतरणारा उजेड दिवसभर लाकडावरून सरकत राहतो.

१९६६ मध्ये दोन्ही घरांना राष्ट्रीय महत्त्वाचा सांस्कृतिक ठेवा म्हणून दर्जा मिळाला. श्रोतेहो, कधी जाणे झालेच तर आधी कुसाकाबे पाहावे आणि मग योशिजिमा. उलट क्रमाने गेल्यास कुसाकाबेच्या तुळया उगाच अवजड वाटू लागतात आणि तो त्या सुतारावर अन्याय ठरेल.