‘आता मारुती येतलो’

नमस्कार मंडळी. वाचनालयाने मला आदिवासी संग्रहालयांवर बोलायला सांगितलंय, पण मी सगळीकडे फिरवून आणणार नाही तुम्हाला, मी बोलणार आहे ते फक्त कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर आदिवासी कला आंगणबद्दल. आपण पिंगुळीतच राऊळ महाराजांच्या मठात जातो, हायवेवरून रोज ये-जा करतो, पण मगाशी विचारलं तेव्हा या हॉलमध्ये चारच हात वर आले, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटलं.

परशुराम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या गुरांच्या गोठ्यात हे म्युझियम सुरू केलं. २०२१ ला त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पेपरात फोटो आले, पण त्याच्या आधीची सगळी वर्षं घरातल्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या जपून ठेवायचं काम घरच्याच माणसांनी केलंय. सरकारी म्युझियमही मी पाहिलीत, पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं पाहिलं, ते बघण्यासारखंच आहे, पण तिथे वस्तू कपाटात आणि आपण कपाटाबाहेर. पिंगुळीला तसं होत नाही, कारण तिथे ज्यांची वस्तू आहे तीच माणसं ती हातात घेऊन समोर बसतात.

आता तिथल्या पोथ्यांमधून सांगतात ती चित्रकथी म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगतो, कारण पुष्कळ जण त्याला पेंटिंग म्हणतात आणि तिथेच चुकतं. एका कथेची एक पोथी. पोथी म्हणजे लिहिलेली पानं नव्हेत, चित्रांची पानं, दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली, म्हणजे पान उलटलं की गोष्ट पुढे सरकते. कथेकरी बसतो, समोर फळी, फळीला चित्र टेकवलेलं, हातात वीणा, सोबतीला टाळ आणि हुडूक, म्हणजे डमरूसारखं वाद्य, आणि तो गात, बोलत, मध्येच चित्रातल्या माणसाकडे बोट दाखवत कथा सांगतो. रामायण, महाभारत, अहिरावण-महिरावण. सावंतवाडी संस्थानचा या कलेला राजाश्रय होता, देवळादेवळांतून या कथा व्हायच्या. चित्रातले चेहरे बघा, एका बाजूने काढलेले पण डोळा केवढा मोठा, कारण हे देवळात दिव्याच्या उजेडात बसलेल्या शेवटच्या माणसालाही दिसायला हवं, असं मला तरी वाटतं.

म्हणूनच मला फ्रेम केलेली चित्रकथी बघवत नाही. फ्रेममध्ये पाठचं चित्र भिंतीकडे तोंड करून बसतं, म्हणजे निम्मी गोष्ट गेलीच ना. आणि आधी काय झालं, पुढे काय होणार, हे त्या एका पानाला कसं कळणार.

आम्ही गेलो तेव्हा माझी आई सोबत होती, ७८ वर्षांची. गुडघे दुखतात म्हणून येत नव्हती, मी जवळजवळ ओढूनच नेली. चामड्याच्या बाहुल्या बघितल्या, पडद्यामागे दिवा लावून सावली पाडतात त्या, मुलं खूष, आई मात्र गप्प खुर्चीत. मग तिथल्या दादांनी अहिरावण-महिरावणची पोथी काढली. राम-लक्ष्मण झोपलेत, त्यांना उचलून पाताळात नेतात, वीणा चालू, हुडूक चालू, आणि पान उलटायच्या आधीच आई म्हणाली, "आता मारुती येतलो." दादांनी पान उलटलं तर मारुती. ते थांबले, हसले, म्हणाले, "आजी, खंयच्या तुम्ही?" मग आईने सांगितलं की त्यांच्या देवळात नवरात्रात ठाकर यायचे, ती आजीच्या मांडीवर झोपायची आणि मारुती आला की आजी तिला हलवून उठवायची. इतकी वर्षं मी तिचा मुलगा, आणि ही गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

तर तुम्ही जाल तेव्हा एवढं करा, नुसते फोटो काढून निघू नका, आधी कळवून जा, कारण कथा सांगायला, वीणा-हुडूक-टाळ सांभाळायला माणसं जमावी लागतात, आणि त्यांचे जे पैसे होतील ते बिनघासाघीस द्या. पोथी पूर्ण ऐकायला वेळ लागतो, दुपारच्या गाडीची घाई ठेवू नका.

येत्या रविवारी वाचनालयाची गाडी जातेय, सकाळी आठला इथूनच सुटेल, नावं काउंटरवर द्या. मुलांना आणाच, पण घरात ज्यांना गुडघ्यांमुळे कुठे जाता येत नाही ना, त्यांच्यासाठी पुढच्या सीट ठेवल्यात.