मॉर्सन : डच भाषेतलं सांडणं

[दृश्य : जेवणाचं टेबल. लहान मूल दोन्ही हातांनी दुधाचा पेला उचलतंय.]

"नीट मॉर्सन, होर!"

डच घरातलं हे रोजचं वाक्य. यातलं 'नीट' आपलं नव्हे. डचमध्ये ते नकाराला येतं. 'होर' म्हणजे लाडानं लावलेलं 'हं'. आणि 'मॉर्सन' म्हणजे सांडणं. सांडू नकोस हं!

दूध, साखर, पावाचा चुरा, काहीही मॉर्सन होऊ शकतं, पण ते हातून नकळत व्हायला हवं. रक्त सांडणं, अश्रू ढाळणं यांना मात्र 'फरखीटन' हे वेगळं क्रियापद आहे. धांदरटपणे सांडणाऱ्याला म्हणतात 'मॉर्सपॉट', मळकटाला 'मॉर्सिख', आणि बाही मळू नये म्हणून वरून चढवायच्या जादा बाहीला 'मॉर्समाउ'.

[दृश्य : शिडाच्या जुन्या जहाजाचं चित्र.]

आता रूपं. इक मॉर्स, मी सांडतो. येइ मॉर्स्ट, तू सांडतोस. भूतकाळात 'मॉर्स्तं'. इथे 'त'च का, 'द' का नाही? त्यासाठी डच मुलं शाळेत एका जहाजाचं नाव पाठ करतात : कॉफस्खिप. कॉफ हे मालवाहू गलबत. धातूच्या शेवटी त्या नावातलं व्यंजन आलं, की भूतकाळाला 'त' लागतो. मॉर्सच्या शेवटी 'स', तो जहाजात आहे. व्याकरणाचा नियम गलबतात भरून ठेवणारी ही दर्यावर्दी भाषा मला फार आवडते.

'सांडलं आहे' म्हणताना पुढे 'खे' जोडतात : खेमॉर्स्ट.

[दृश्य : कचऱ्याच्या डब्यात पडणारा शिळा पाव.]

इंग्रजी 'स्पिल'चं भावंडही डचमध्ये आहे : 'फरस्पिलन'. पण त्याचा अर्थ सांडणं नाही, वाया घालवणं. मूळ धातूत द्रव नव्हताच. जुन्या इंग्रजीत 'स्पिलन' म्हणजे नाश करणं, ठार मारणं. तिथून ते रक्त सांडण्यावर आलं आणि मग साध्या दुधापाण्यावर. डचनं नासाडी तेवढी ठेवली. आपल्या 'सांडणे'नंही अशीच वाट चाललेली आहे. ज्ञानेश्वरीत 'सांडूनि' म्हणजे सोडून, टाकून.

म्हणून टेबलावर ओघळलेलं दूध खेमॉर्स्ट, आणि न पिता मोरीत ओतलेलं फरस्पिल्ट.

[दृश्य : पेला आडवा. आई फडकं घेऊन येते.]

"इक हेप खेमॉर्स्ट," मूल म्हणतं. सांडलं माझ्याकडून.

"खेफ्ट नीट, होर." असू दे हं.