फीअख्रा

नमस्कार श्रोतेहो. आज एका आयरिश मुलाच्या नावाची गोष्ट सांगतो. नाव आहे फीअख्रा. त्यातला ‘ख’ घशातून, किंचित खरखरीत काढायचा. आयर्लंडबाहेर हे नाव फारसं कानावर पडत नाही.

आयरिश भाषेत ‘फीअख’ म्हणजे डोमकावळ्याहूनही थोराड, काळाकुट्ट कावळा. नावाचं नातं याच पक्ष्याशी जोडतात. पोराला कावळ्याचं नाव? हो, आणि तेही कौतुकानं! पण गंमत बघा, तिथल्या जुन्या कथेतला फीअख्रा कावळा होत नाही, हंस होतो. लिर राजाच्या चार लेकरांपैकी तो एक. सावत्र आईच्या शापानं चौघांनी ९०० वर्षं हंस होऊन काढली, त्यातली ३०० आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या गारठलेल्या समुद्रावर. वादळात थोरली बहीण भावांना पंखांखाली घ्यायची.

नाव जगभर नेलं ते मात्र एका साधूनं. सातव्या शतकात हा फीअख्रा एकांत शोधत फ्रान्समध्ये, मो गावाजवळ पोचला. हा ब्री प्रांत, चीजवाला. तिथले बिशप फारो म्हणाले, एका दिवसात जेवढ्या जमिनीभोवती चर खणशील, तेवढी तुझी. आख्यायिका अशी की यानं नुसती काठी ओढत नेली आणि माती आपोआप उलटत गेली. तिथं त्यानं भाजीपाला आणि औषधी झाडं लावली. म्हणून तो माळ्यांचा संत. चित्रांत, मूर्तींत त्याच्या हाती फावडं असतं. मूळव्याधीचे रोगीही त्यालाच साकडं घालत. त्या दुखण्याला फ्रान्समध्ये ‘संत फियाक्रचं दुखणं’ असंच म्हणायचे! फ्रेंच जिभेवर फीअख्राचा फियाक्र झाला होता ना.

पुढं १७व्या शतकाच्या मध्यावर पॅरिसमध्ये निकोला सोव्हाज नावाच्या माणसानं घोडागाड्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. त्याचा अड्डा ‘संत फियाक्र’ नावाच्या वाड्यात. झालं, लोक गाडीलाच ‘फियाक्र’ म्हणू लागले. माणसं टाळायला रानात गेलेल्या बाबाच्या नावानं पॅरिसचे रस्ते दुमदुमले! पुढं टॅक्सीवाल्यांनीही त्याला आपला संत मानलं.

व्हिएन्नात दोन घोड्यांची ‘फियाकर’ अजून धावते. गाडीवान काळी गोल टोपी घालून पुढं बसतो, मागं पर्यटक फोटो काढत असतात.